लुकेनसाठी वाजवलेली त्रेंबिता

बिस्त्रेत्स, वरची वस्ती
९ ऑक्टोबर २००९

लुकेन,

धाकट्या भावाला लिहिताना नावाआधी ‘चिरंजीव’ लिहावं. ते मी कोणत्या तोंडाने लिहू? म्हणून नुसतं नाव लिहिलंय, चालवून घे.

तुझं पत्र पोचलं. लिस्बनच्या बाजारात आपल्या गावची हाफिया तुला बघून क्रूस करत मागे सरकली, तिच्या हातातली बटाट्यांची पिशवी सांडली, आणि तेव्हा तुला कळलं की तू चार वर्षांपूर्वी मेलास. वाचताना मला हसू आलं. मग बराच वेळ पुढचं वाचवेना.

तुझी अट कबूल आहे. ज्या ज्या घरी तुझ्या मरणाची त्रेंबिता ऐकू गेली, त्या प्रत्येक घरी मी माझ्या पायांनी जायचं आणि माझ्या तोंडाने सांगायचं की लुकेन जिवंत आहे. ते झालं तर तू नोव्हेंबरात येणार, नाही तर कधीच येणार नाहीस. भुतासारखा गावात शिरणार नाही म्हणतोस. बरोबर आहे तुझं. पण अट घालताना तू एक विसरलास, की त्या दिवशी हवा अगदी स्वच्छ होती. मी वरच्या कुरणावर उभा राहून ते लांब लाकडी शिंग फुंकलं ते पार झेम्ब्रोन्या गावापर्यंत गेलं. आपल्याकडे एक घर या उतारावर, दुसरं पलीकडच्या, मध्ये ओढा आणि अर्ध्या दिवसाचा चढ. माझे गुडघे चोपन्न वर्षांचे आहेत.

निघताना यावदोखा म्हणाली, "आधी सासूबाईंना सांगा, मग डोंगर हिंडा." माझ्या बायकोचं सहसा बरोबरच असतं. पण आई ब्याऐंशीची आहे. तिने तुझं रडून घेतलंय. तुझा जुना मेंढीच्या कातड्याचा कोट तिने स्वतः घडी करून पेटीत ठेवला आणि तो आम्ही बाबांच्या शेजारी पुरला. आता तिला सांगायचं की ज्याला पुरलंस तो पोर्तुगालात भिंतींना फरशा बसवतोय. ऐकून ती तिथल्या तिथे गेली तर? म्हणून आई शेवटी. लांबच्या घरांपासून सुरुवात करून घराकडे यायचं असं ठरवलंय.

आज पहिलं घर पारास्का आत्यांचं. अंगणात बसून सुईने अळंबी ओवत होत्या.

"आत्या, लुकेन जिवंत आहे," मी म्हणालो.

"कोण लुकेन?"

"आमचा. माझा धाकटा."

"अरे, त्याच्या मयताचं जेवून आलेय मी. तीन दिवस तुमच्याकडे भांडी घासली."

"हो. चूक झाली. तो आहे. फरशा बसवतो."

त्यांनी दोन अळंबी ओवली. "मग मी चार वर्षं त्याच्या नावाने मेणबत्त्या लावतेय, त्या आता कुणाच्या नावावर घालू?"

"काकांच्या नावावर घाला."

"त्या मेल्याला एकही द्यायची नाही मला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "काय रे तानास, पण ती बातमी तुला दिली कुणी होती?"

"कोसिवच्या बसचा ड्रायव्हर होता एक. म्हणाला, लुकेन परांचीवरून पडला."

"आंधळा होता की काय," असं म्हणून त्यांनी मला आत नेऊन वाफाळतं जेवण वाढलं. मी दोनदा घेतलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तानास


ओनुफ्रीकडे
११ ऑक्टोबर

लुकेन,

काल सहा घरं झाली, आज चार. दोन घरांत कुणी नव्हतं, तिथे परत जावं लागेल. एका घरी कुत्रा चावला, फार नाही. पाऊस सारखा आहे आणि बूट रात्रभर चुलीपाशी ठेवले तरी सुकत नाहीत.

माणसं कशी वागतात ते तुला सांगतो, कारण तुला तेच ऐकायचं असणार. कुणी हसतं. कुणी ‘देवाची कृपा’ म्हणतं आणि माझ्याकडे बघत राहतं. एका म्हाताऱ्याने मला दारातच उभं करून सगळं पुन्हा सांगायला लावलं, कारण त्याची बायको बहिरी आहे. तिला ऐकू आल्यावर ती म्हणाली, "त्रेंबिता मला ऐकूच आली नव्हती, मला कशाला सांगतोस?" तेवढं एक घर फुकट गेलं.

ओनुफ्री अजून वाताह, मेंढपाळांचा मुखिया, आहे. या वर्षीही चारशे मेंढ्या त्याच्या हाताखाली कुरणावर होत्या, आता खाली आणल्यात. तुझं आणि त्याचं कधी पटलं नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथे जायची मला धास्ती होती. त्याने मक्याच्या पिठाचा, मलईत शिजवलेला बानोश समोर ठेवला, वर मेंढीचं चीज कुस्करलं, आणि मी बोललो तेव्हा चमचा खाली ठेवला.

"त्या दिवशी तुझी त्रेंबिता ऐकली ना," तो म्हणाला, "तेव्हा पोरांनी टोप्या काढल्या. कुणासाठी ते खालून आलेल्या माणसाने सांगितलं. मी म्हणालो, बरं झालं, एक टवाळ कमी झाला."

"तो टवाळच होता."

"ऐकून घे. म्हणालो आणि त्याच क्षणी लाज वाटली. मेलेल्या माणसाबद्दल असं बोललो. चार वर्षं तानास, दर उन्हाळ्यात वर चढलो की त्या जागेपाशी मला लाज वाटते. पाद्र्याला सांगितलं, बायकोला सांगितलं. आणि आज तू सांगतोस की तो मेलाच नव्हता."

"नाही."

"म्हणजे मी फुकट लाजत होतो."

"हो."

"मग तो टवाळच आहे," ओनुफ्री म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. पण डोळे पुसत होता. चुलीचा धूर आहे म्हणाला.

त्यानेही विचारलं बातमी कुणी आणली. मी म्हणालो, राखिवकडचा लाकूड गिरणीवाला होता. तोंडातून निघून गेलं. थकल्यावर माणसाचं काही खरं नसतं.

तानास


१३ ऑक्टोबर

लुकेन,

आज वासिलिनाकडे गेलो होतो.

तुझ्या पत्रात तिचं नाव नाही. मी तीनदा वाचलं, नाही. तरी सांगतो. तिने जंगलखात्याच्या माणसाशी लग्न केलं, तुझ्या मयतानंतर दुसऱ्या वर्षी. तोवर थांबली होती. दोन मुली आहेत, मोठी आत्ताच अगदी तिच्यासारखी, हट्टी. नवरा चांगला आहे, कामावर गेला होता. घर नीट आहे. दारात घोडा होता, बाबांच्या घोड्यासारखाच, ठेंगणा आणि तांबूस. तू आपला घोडा विकून वाट धरलीस तेव्हा मला किती राग आला होता ते मला तिच्या अंगणात आठवलं, आणि तो राग आता कुठे गेला ते काही केल्या सापडेना.

मी बोललो. ती चुलीपाशी उभी होती. तिने भांडं उतरवलं, हात पुसले, मुलींना आतल्या खोलीत ठेवलं.

"बातमी कुणी आणली?" तिने विचारलं.

"कोसिवच्या बसचा..."

"पारास्का आत्यांना तू ड्रायव्हर सांगितलास. ओनुफ्रीला राखिवचा गिरणीवाला. रविवारी चर्चात आत्या भेटल्या मला, काल वाटेत ओनुफ्री, त्यामुळे तू आज ना उद्या येणार हे ठाऊक होतं. बस इथे." तिने स्टूल ओढलं. "कोण होतं तानास?"

मी बसलो. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. मी एक अक्षर बोललो नाही तरी कळलं.

"मी थांबणार होते," ती म्हणाली. "सगळे हसत होते तरी थांबणार होते. म्हणून विचारतेय."

"माहीत आहे मला."

"तू त्रेंबिता वाजवली नसतीस तर या दोघी जन्मल्या नसत्या. त्यामुळे मला तुला शिव्याही देता येत नाहीत. आणि आशीर्वाद तर माझ्याच्याने देववत नाही." तिने घट्ट आंबट दुधाचा पेला माझ्या हातात दिला. "हे पी आणि जा. तो आला तर त्याला म्हणावं, आमच्याकडे यायचं असेल तर दिवसा ये आणि माझा नवरा घरी असताना ये."

निरोप जसाच्या तसा दिलाय. दूध मी प्यायलो. तिच्या घरातून उपाशी निघालो असतो तर तिला अपमान वाटला असता, आणि मी तिचा आधीच पुरेसा केलाय.

तानास


गवताच्या झोपडीत, घराच्या वाटेवर
१५ ऑक्टोबर

लुकेन,

काल पोक्रोवाचा, मेरीमातेचा सण होता म्हणून कुणाच्या दारी गेलो नाही. आज सकाळपासून बर्फमिश्रित पाऊस आहे. या झोपडीत कोरडं गवत आहे आणि माझ्याकडे कागद आहे. वासिलिनाला जे सांगता आलं नाही ते तुला सांगतो. आता न सांगून काही उरलेलं नाही.

बातमी कुणीच आणली नव्हती.

२००५ सालच्या सप्टेंबरात मी कोसिवच्या बाजारात मेंढ्या घेऊन गेलो होतो. तिथे एक माणूस भेटला, पोर्तुगालातल्या सेतुबालहून सुट्टीवर आलेला. आडनाव ऐकून म्हणाला, "तुमचा लुकेन आमच्याबरोबरच काम करतो की. मजेत आहे. परवाच मासे तळून सगळ्यांना खाऊ घातले. हसवतो खूप." तू जिवंत आहेस हे मला त्या दिवशी कळलं. तुझी त्रेंबिता मी त्यानंतर तीन आठवड्यांनी वाजवली.

आता हे का केलं ते मी स्वतःलाच चार वर्षं सांगतोय, आणि दर वेळी वेगळं सांगतो. जे सगळ्यात खरं वाटतं ते लिहितो.

तू गेल्यापासून आईने दाराला कडी लावली नव्हती. साडेचार हिवाळे म्हण ना. चुलीची ऊब सगळी बाहेर. दारावर जरा खुट्ट झालं की ती उठायची. वर चढून येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे डोळ्यांवर हात धरून बघायची, आणि माणूस जवळ आला की खाली बसायची. पाचव्या वर्षी जेवायची बंद होत आली. मी तिला उचलून चुलीच्या उबदार ओट्यावरच्या बिछान्यावर ठेवायचो, लुकेन, इतकी हलकी झाली होती. आणि तू तिकडे मासे तळत होतास. साडेचार वर्षांत एक ओळ नाही. तुझ्याकडे बोट दाखवत नाही. कारण अंगणात मी काय म्हणालो होतो ते मला आठवतं, सगळ्यांसमोर: "गेलास तर मेलास असं समजू." तू शब्द धरून बसलास. शब्द माझाच होता.

कोसिवहून येताना वाटभर मी ठरवत होतो की आईला सांगायचं, तो बरा आहे. घरी आलो तर ती दारात उभी होती, आणि माझ्या मागे बघत होती. कोण आलंय ते बघत होती. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मला तेव्हा असं वाटलं की तू जिवंत आहेस हे हिला सांगितलं तर ही आणखी दहा वर्षं अशीच दारात उभी राहील. तू येणार नाहीस. आणि मी तिच्यासमोर उभा असलो तरी तिला दिसणार नाही. एकदा रडू दे, म्हटलं. एकदा मनसोक्त रडेल आणि मोकळी होईल.

हे आईसाठी केलं असं मी स्वतःला सांगितलं. अर्धं तिच्यासाठी होतं. उरलेलं अर्धं माझ्यासाठी होतं. जो गेला त्याच्यापेक्षा जो राहिला तो या घरात कधीतरी जास्त असावा, एवढंच मला हवं होतं.

सकाळी बाबांची त्रेंबिता खांद्यावर घेतली आणि कुरणावर चढलो. तीन मीटर लाकूड, चढावर सारखं गवतात अडकत होतं. पण वाजली चांगली. इतकी चांगली मी बाबांसाठीही वाजवली नव्हती. सगळ्या बाजूंनी माणसं टोप्या काढून उभी राहिलेली मला वरून दिसत होती.

आई तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी जेवली. त्या रात्री तिने कडी लावली आणि झोपली. मी जे ठरवलं होतं ते तंतोतंत झालं, आणि मला सगळ्यात जास्त हेच खातं.

पाद्री म्हणतात मेलेल्यांच्या यादीतून नाव खोडावं लागेल, त्यांनी आजवर असं केलेलं नाही, कोणत्या शाईने खोडतात ते विचारून घेतो म्हणाले. क्रूसावरचं तुझं नाव मी स्वतः तासून काढीन.

हे वाचून तू आला नाहीस तरी मी घरं पूर्ण करीन. पाच उरलीत, बंद होती ती धरून, सगळी खालच्या वाटेवर, आणि आपलं.

तानास


घरून
१८ ऑक्टोबर

लुकेन,

शुक्रवारी दुपारी घरी पोचलो. बूट काढायलाही थांबलो नाही, नाहीतर पुन्हा टाळलं असतं. यावदोखा पाणी आणायला गेली होती. आई खिडकीपाशी चातीवर लोकर कातत बसली होती.

"आई," मी म्हणालो, "लुकेन जिवंत आहे."

चाती फिरत राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, ती पडलीच तर धरायला हात पुढे केला होता. ती पडली नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून," मी म्हणालो. "तो मेलाच नव्हता."

"आणि तुला कधीपासून माहीत?"

खोटं बोलायला हीच शेवटची जागा होती. ड्रायव्हर होता, गिरणीवाला होता, दोघंही तयार होते. "वाजवायच्या आधीपासून," मी म्हणालो.

तिने चाती मांडीवर ठेवली. बोटांवरची लोकर काढली. मला वाटलं आता रडेल.

"नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी मेलेल्यांची ताटं मांडते," ती म्हणाली. "त्यात चार वर्षं त्याचं एक मांडत होते. ते मग कोण जेवत होतं?"

"कुणी नाही, आई."

"तुझा बाप जेवला असेल. त्याला दोन लागायचीच."

आणि ती हसली, लुकेन. थोडीशीच. मग तिने पुन्हा चाती हातात घेतली आणि त्या क्षणापासून ती माझ्याशी बोलली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. जेवताना मीठ हवं असलं तर यावदोखाकडे मागायची, मिठाचं भांडं माझ्यासमोर असलं तरी. रात्री तिने दाराची कडी काढून ठेवली. मी उठून कोट पांघरला आणि कडी तशीच राहू दिली.

आज चर्चातून आल्यावर ती आपणहून बोलली. बाकावर बसली, रुमालाची गाठ सैल केली आणि म्हणाली, "मी गेले की तू वाजवायची नाहीस."

हे येणार हे मला ठाऊक असायला हवं होतं, नव्हतं. बाबांसाठी मी वाजवली. या खोऱ्यात तीस वर्षं जो जो गेला त्याच्यासाठी मी वाजवली. आईसाठी मी वाजवायची, हे इतकं धरून चाललं होतं की त्याचा कधी विचारही केला नव्हता.

"ओनुफ्रीच्या भावाला सांगीन," मी म्हणालो.

"नाही. लुकेन वाजवेल."

"आई, त्याला येत नाही."

"शिकव."

"अगं पण..."

"तुझ्या त्रेंबितेवर आता विश्वास कुणाचा आहे?" ती म्हणाली. रागाने नाही, बाजारभाव सांगावा तशी. "उद्या मी खरंच मेले आणि तू वाजवलीस, तर लोक म्हणतील, थांबा, आधी चौकशी करून या. मला माझ्या मयताला माणसं वेळेवर आलेली हवीत."

यावदोखाला हसू आवरेना, ती बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिलो. आईचं बरोबर आहे. आठवडाभर मी दारोदार हेच सांगत फिरलो की माझ्या वाजवण्यावर विश्वास ठेवू नका.

तर आता तुला सांगतो. घरं सगळी झाली. बंद होती ती दोन्हीही झाली. तुला बघून आता कुणी क्रूस करणार नाही, फार तर हसतील. तू ये. माझ्यावर राग आहे तो घेऊन ये, अंगणात सगळ्यांसमोर जे म्हणायचं ते म्हण, मी शब्द धरून बसणार नाही. पण नोव्हेंबर चुकवू नकोस आणि आलास की लगेच परत जाऊ नकोस. त्रेंबितेतून पहिला सूर निघायला दोन महिने लागतात, आणि मेलेल्या माणसासाठी वाजवतात ते यायला वर्ष. ओठ फाटतात, छाती दुखते, सोडून द्यावंसं वाटतं. मी तुला रोज कुरणावर घेऊन जाईन.

आई ब्याऐंशीची आहे. तुला वाजवता येईपर्यंत ती थांबेल, असं तिने यावदोखाला सांगितलंय.

तुझा
तानास